उतरल्यानंतरचा पहिला तास

स्वस्तात फिरायचे असेल तर सामान कमी न्यावे, हा सल्ला हल्ली इतक्या ठिकाणी मिळतो की तो का पाळायचा हे विचारण्याची कोणाला गरजच वाटत नाही. विचारलेच, तर बहुतेक जण विमानतळावरच्या वजनकाट्याकडे बोट दाखवतात. देशांतर्गत प्रवासात हातातल्या बॅगेला 7 किलो, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेला साधारणपणे 15 किलो, आणि त्याच्या वर गेलात की किलोमागे मोजावी लागणारी रक्कम, जी ऐकून पुष्कळांना आपल्या बॅगेतल्या अर्ध्या वस्तू त्या रकमेच्या तुलनेत कवडीमोल असल्याचा साक्षात्कार होतो. हे सगळे खरे आहे. परंतु काटकसरीने फिरणारी आपल्यातली बहुसंख्य माणसे विमानाने जातच नाहीत. ती स्लीपरच्या डब्यातून जातात, एसटीने जातात, आणि तिथे वजनाचा जाच जवळजवळ नसतो. रेल्वे स्लीपरच्या प्रवाशाला 40 किलो आणि द्वितीय श्रेणीच्या प्रवाशाला 35 किलो सामान विनामूल्य नेऊ देते. वातानुकूलित प्रथम श्रेणीत तर 70 किलो. चाळीस किलो सामान मला ठाणे स्थानकाच्या पुलावर चढवताच येणार नाही, त्यामुळे नियम मोडण्याचा प्रसंग माझ्यावर येण्याची शक्यता नाही.

तरीही मी सामान कमीच नेते. त्याचे कारण वजनाचा नियम हे नसून गाडीतून उतरल्यानंतरचा पहिला तास हे आहे. कमी खर्चाचा प्रवास या एका तासात साधतो किंवा फसतो, असे माझे मत हळूहळू पक्के होत गेले आहे. पाठीवर हलकी सॅक असलेला माणूस त्या तासात समोरच्याला नाही म्हणू शकतो. ज्याचे दोन्ही हात अडकलेले आहेत त्याला नाही म्हणता येत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला ते म्हणता येणार नाही हे समोरच्याला लांबूनच दिसते.

रत्नागिरीचे उदाहरण घेऊ. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. पण डोंगर आणि खाड्या यांच्याशी तडजोड करत रूळ टाकल्यामुळे तिची कित्येक स्थानके गावापासून दूर पडली. रत्नागिरीचे स्थानकही शहरापासून काही किलोमीटर अलीकडे, कुवारबावच्या बाजूला आहे. ठाण्याला रात्री गाडीत बसलेला माणूस तिथे पहाटे उतरतो तेव्हा त्याची झोप अर्धवट झालेली असते, चहा मिळालेला नसतो, आणि दारातच ‘ताई, कुठे जायचंय?’ असे विचारणारे रिक्षावाले उभे असतात. त्यांचा दोष नाही. रात्रभर गाडीची वाट पाहून त्यांनी चढा भाव सांगायचा नाही तर कोणी सांगायचा? परंतु स्थानकाच्या रस्त्याने चालत मुख्य रस्त्यावर आले की कोल्हापूरच्या बाजूने शहरात जाणाऱ्या एसट्या मिळतात, शहर बस मिळते, आणि रिक्षाच करायची असली तर ती तिथे जरा कमी भावात मिळते. हे चालणे पाठीवर सहा किलो असताना सकाळचा फेरफटका ठरते आणि हातात ट्रॉली बॅग व खांद्याला दोन पिशव्या असताना शिक्षा ठरते. त्यामुळे सामानवाला माणूस पहिल्या रिक्षात बसतो. मग ती रिक्षा त्याला जिथे उतरवते तिथल्या पहिल्या लॉजमध्ये तो शिरतो, कारण दुसऱ्या मजल्यावरची खोली पाहून, गादीचा वास घेऊन, नळ सोडून बघून, पुन्हा खाली येऊन शेजारच्या गल्लीतला दुसरा लॉज पाहायचा म्हणजे ते सगळे सामान कोणाच्या तरी भरवशावर टाकून जायचे किंवा बरोबर ओढत न्यायचे. दोन्ही नको असते. तो म्हणतो, असू दे, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. पुष्कळदा तो एका रात्रीचा राहत नाही.

वाराणसीत हाच प्रकार अधिक उघडपणे घडतो. तिथे घाटाजवळच्या जुन्या वस्तीत रिक्षा जातच नाही. गोदौलियाच्या परिसरात उतरून पुढे गल्ल्यांमधून पायी जावे लागते, आणि त्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरून गाय आली तर आपण कोणाच्या तरी ओट्यावर चढून तिला वाट द्यायची असते. दगडी फरशी, मध्येच पायऱ्या, शेण, ओले. तिथे मोठी बॅग दिसली की कोणीतरी ती उचलायला पुढे होतो, त्याच्या ओळखीचे एक ‘साफ-सुथरा’ गेस्ट हाउस असते, आणि आपल्या खोलीच्या भाड्यात त्याचे कमिशन न बोलता मिसळलेले असते. पाठीवरची सॅक घेऊन आपल्या मर्जीने चालणाऱ्याच्या मागे कोणी फार वेळ लागत नाही.

चाकांचे मी इथेच सांगून टाकते, कारण या बाबतीत घरोघरी वाद आहे. सूटकेसला चाके लावण्याचे पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना 1972 मध्ये मिळाले, आणि आज आपण जिला ट्रॉली म्हणतो ती उभी राहणारी, दोन चाकांची आणि वर ओढता येणाऱ्या दांड्याची बॅग 1987 च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ नावाच्या एका वैमानिकाने तयार केली. वैमानिकाने ती तयार करावी हे अगदी साहजिक आहे, कारण विमानतळाची फरशी गुळगुळीत असते आणि तिथे जिना चढायचा तर तो स्वतःच सरकत असतो. नौपाड्यातून ठाणे स्थानकापर्यंत ती बॅग एकदा ओढून नेऊन पाहावी. पदपथावरचे पेव्हर ब्लॉक कुठे खचलेले, कुठे उचकटलेले, मध्ये झाडाचे आळे, मध्ये उभी केलेली स्कूटर, पुढे गावदेवीच्या बाजाराची गर्दी, आणि शेवटी पूल. चाके असलेली बॅग अर्ध्या रस्त्यात उचलूनच न्यावी लागते, आणि उचलायचीच असेल तर चाके, दांडा आणि आतली चौकट यांचे वजन आपण कशासाठी वाहतो? केबिनच्या मापाची बरी ट्रॉली रिकामी असतानाच अडीच-तीन किलोंची भरते. विमानाच्या सात किलोंपैकी जवळजवळ निम्मे बॅगेनेच खाल्ले! साधी, चौकट नसलेली, पंचवीस-तीस लिटरची सॅक एका किलोच्या आतबाहेर असते. ती एसटीत डोक्यावरच्या रॅकवर बसते, लोकलमध्ये पुढे घेऊन उभे राहता येते, आणि स्लीपरच्या डब्यात वरच्या बर्थवर उशाला घेऊन झोपता येते, ज्यामुळे साखळी-कुलपाची कटकटही वाचते.

शिवाय ठाण्याहून लांबच्या गाडीत चढणे हे एक वेगळे शास्त्र आहे. गाडी इथून सुटत नाही, ती इथे थांबते, आणि थांबते ती अगदी थोडा वेळ. फलाट क्रमांक 5 रुंद करण्यासाठी 2024 मध्ये 63 तासांचा ब्लॉक घेतला गेला, त्यानंतर तिथे उभे राहायला थोडी अधिक जागा झाली हे मान्य. पण संध्याकाळच्या वेळी त्याच फलाटावर कल्याणची जलद लोकल पकडणारे हजारो लोक आणि गावाला निघालेली कुटुंबे एकत्र उभी असतात. उद्घोषणा होते, डब्याचा क्रमांक पाहून सगळे पळतात, आणि चार बॅगा असलेल्या कुटुंबाचा कर्ता पुरुष दारातून एकेक बॅग आत फेकत असताना मागच्या माणसांना गाडी सुटेल की काय या भीतीने घाम फुटतो. अशा वेळी हात मोकळे असणे ही चैन नव्हे.

आता काय न्यायचे याकडे येते. कपड्यांचा हिशेब लोक दिवसांवर करतात आणि तिथेच बॅग फुगते. दहा दिवस जायचे म्हणून दहा जोड, त्यात दोन ‘असू देत, लागले तर’, आणि एक बरा जोड, कोणाकडे जावे लागले तर. वास्तविक कपडे किती दिवसांचे न्यायचे हे सहलीच्या लांबीवर ठरत नाही, धुतलेला कपडा किती वेळात वाळतो त्यावर ठरते. रात्री धुतलेला कपडा सकाळी वाळणार असेल तर अंगावरचा एक आणि बॅगेत दोन पुरतात, मग सहल आठवड्याची असो की महिन्याची. आपल्या आज्या-पणज्यांचे ‘एक अंगावर, एक दांडीवर’ हे गणित गरिबीचे होते यात शंका नाही, आणि त्याचे गोडवे गाण्यात मला रस नाही. पण गणित म्हणून ते चुकीचे नव्हते.

वाळण्याचे गणित कापडावर अवलंबून असते. सुताचा तंतू पाणी स्वतःच्या आत धरून ठेवतो. पॉलिएस्टरच्या तंतूत पाणी जवळजवळ शिरतच नाही, ते धाग्यांच्या मधल्या फटीत राहते आणि पिळल्यावर निघून जाते. म्हणून जाड सुती कुर्ता लॉजच्या बाथरूममध्ये दुसऱ्या दिवशी दुपारीही दमट असतो आणि मिश्र कापडाचा कुर्ता सकाळी घालता येतो. जीन्स तर प्रवासात नेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे: एकीचे वजन अर्ध्या-पाऊण किलोच्या घरात, भिजली की त्याहून कितीतरी अधिक, आणि कोकणात ऑगस्टमध्ये धुतली तर ती गणपती विसर्जनापर्यंत वाळेल याची हमी नाही. अर्थात पॉलिएस्टरला घामाचा वास लवकर लागतो, तेव्हा ते रोजच्या रोज धुण्याला पर्याय नाही. हलक्या सामानाची ही खरी किंमत आहे, आणि ती कोणी सांगत नाही: दिवसभर फिरून, पाय दुखत असताना, रात्री दहा वाजता बादलीत कपडे धुवायचे. ज्याला हे जमणार नाही त्याने दोन जोड जास्त घ्यावेत आणि त्याची खंत करू नये.

धुतलेला कपडा लवकर वाळवण्याची एक रीत मात्र सांगण्यासारखी आहे. पलंगावर कोरडा पंचा पसरायचा, त्यावर पिळलेला कुर्ता सपाट ठेवायचा, दोन्हींची मिळून घट्ट गुंडाळी करायची, आणि मग एक टोक गुडघ्याखाली दाबून दुसरे टोक दोन्ही हातांनी पीळ बसेपर्यंत फिरवायचे. कुर्त्यातले पाणी पंचा ओढून घेतो. उलगडल्यावर कुर्ता नुसता दमट लागतो, ओला नाही, आणि पंख्याखाली तीन-चार तासांत सुकतो. पंचा पातळ विणीचा असल्यामुळे तोही पहाटेपर्यंत वाळतो. टर्किश टॉवेलने हे काम होत नाही असे नाही, पण मग तो टॉवेल वाळत नाही, आणि ओला टॉवेल बॅगेत भरण्याइतके दुर्दैव प्रवासात दुसरे नसते. जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारा साधा पंचा अंग पुसायला, डोक्याला बांधायला, उशीवर घालायला आणि दशम्यांचा डबा गुंडाळायला चालतो. माझी एक सुती ओढणीही अशीच अनेक कामांची आहे. स्लीपरच्या तिकिटात रेल्वे चादर-उशी देत नाही, ती सोय वातानुकूलित डब्यांची. तेव्हा ओढणी रात्री पांघरूण होते, दिवसा खिडकीच्या उन्हाला पडदा होते, आणि देवळात गेल्यावर डोक्यावरून घेता येते.

इथे थोडे विषयांतर होईल, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. कमी सामानाचा पुरस्कार करणारा एक नवा पंथ निघाला आहे, आणि त्या पंथात वस्तू कमी असल्या तरी त्या सगळ्या विकत घ्याव्या लागतात. मुठीत मावणारे जॅकेट, पाण्यात न भिजणारे पाकीट, घडी होणारी बादली, टायटॅनियमचा चमचा. त्या जॅकेटच्या किमतीत माणूस ठाण्याहून कन्याकुमारीपर्यंत स्लीपरने जाऊन परत येईल आणि वर चार दिवस जेवेल. मनालीला बर्फात जायचे तर तिथे वाटेवर जाड कोट आणि बूट दिवसाच्या भाड्याने देणारी दुकाने ओळीने आहेत. ते कोट सुंदर नसतात, पण फोटोत सगळ्यांचे सारखेच दिसतात. अंगात घालायचा स्वेटर सोसायटीत कोणाकडे तरी असतोच. ठाण्याच्या हवेत तो वर्षानुवर्षे कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात पडलेला असतो आणि मागितला तर देणाऱ्यालाही बरे वाटते. खोबरेल तेलासाठी होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली, साबणाची चिरून घेतलेली अर्धी वडी, धुण्याच्या पावडरीची चिमूटभर पुडी. एवढ्याने स्वच्छतेचा विभाग आटोपतो.

काही वस्तूंवर मात्र काटकसर करू नये, आणि त्या वस्तू वजनाने किरकोळ असतात. रोजची औषधे दोन दिवस जास्तीची, आणि ती नेहमी अंगाजवळच्या पिशवीत. आधार कार्डाच्या तीन-चार झेरॉक्स, कारण लॉजवाला ती मागतो आणि रात्री अकरा वाजता झेरॉक्सचे दुकान उघडे नसते. एक लहान कुलूप, कारण स्थानकावरच्या क्लोक रूममध्ये कुलूप नसलेली बॅग ठेवून घेत नाहीत, आणि खोली सोडल्यापासून रात्रीच्या गाडीपर्यंतचा दिवस मोकळ्या हाताने काढायचा तर क्लोक रूमसारखी स्वस्त सोय नाही. पॉवर बँकही त्यातच. रात्री 11 ते पहाटे 5 डब्यातली चार्जिंगची सोय बंद ठेवण्याचा रेल्वेचा नियम आहे, आणि आता तिकीट, ओळखपत्र, पैसे सगळेच फोनमध्ये असल्यामुळे फोन मेला की माणूस निराधार होतो. विमानाने जाणाऱ्यांना ती हातातल्याच बॅगेत ठेवावी लागते, खाली टाकायच्या बॅगेत चालत नाही. तिथे मर्यादा 100 वॉट-अवर्सची आहे. नेहमीची 10000 एमएएचची बँक सुमारे 37 वॉट-अवर्सची असते, त्यामुळे चिंता नसावी.

खाण्याच्या बाबतीत माझी शिस्त सैल आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, शेंगदाण्याची कोरडी चटणी आठवडाभर टिकते, आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांवर एक अख्खा प्रवास निघतो. यांचे वजन जाताना असते, पण दर जेवणाला कमी होत जाते, आणि रिकाम्या झालेल्या जागेत परतीचे सामान बसते. शेजारच्या बर्थवरच्या बाईंना दशमी दिली की उतरेपर्यंत आपल्या बॅगेवर त्यांचे लक्ष राहते, हा फायदा निराळाच.

इतके सांगून झाल्यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी, आणि ती या विषयावर बोलणाऱ्यांना फारशी आवडत नाही. आपले सामान हलके असते तेव्हा उरलेले वजन बहुतेक वेळा दुसरे कोणीतरी वाहत असते. पंढरीच्या वारीत खांद्यावर पताका आणि हाती टाळ घेऊन चालणारे वारकरी आपल्याला दिसतात, आणि निरिच्छ चालण्याचे ते चित्र खरेच आहे. पण दिंडीचे तंबू, अंथरुणे, शिधा आणि भांडी घेऊन ट्रक पुढच्या मुक्कामी आधीच गेलेले असतात, आणि तिथे स्वयंपाकाला लागलेली माणसेही असतात. त्यात कमीपणा काहीच नाही. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत तीन आठवडे चालायचे तर दुसरा उपाय नाही. फक्त ट्रकचा हिशेब धरला पाहिजे. नातेवाइकांकडे उतरणाऱ्या हलक्या पाहुण्याचेही असेच आहे. त्याने टॉवेल आणलेला नसतो, साबण आणलेला नसतो, चप्पल आणलेली नसते. त्याची सॅक पाच किलोंची असते आणि यजमानाच्या घरात सकाळपासून शोधाशोध चालू असते.

ज्यांनी खरोखर काहीच जवळ बाळगले नाही, त्यांनी इतरांच्या मुक्कामाची सोय मात्र पाहिली, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. गाडगे महाराज (1876–1956) फिरत ते अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक फुटके गाडगे एवढ्यावर. त्यांच्या नावाची सुरुवातच त्या सामानातून झाली. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या त्या त्यांनी लोकांकडून उभ्या करवल्या, आणि कित्येक पिढ्यांतली गरीब माणसे वळकटी खाली ठेवून तिथे पाठ टेकू शकली. आजही शेगावसारख्या ठिकाणच्या भक्तनिवासात स्वच्छ खोली माफक दरात मिळते, आणि अशा जागा असल्यामुळेच आपल्यासारख्यांना चादर घरी ठेवून निघता येते. जिथे मुक्कामी काहीच मिळण्याची खात्री नव्हती तिथे आपले आजोबा होल्डॉलमध्ये गादी, फिरकीचा तांब्या आणि स्टोव्ह घेऊन निघत, यावर हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

घरातल्या घरात हे वजन कुठे सरकते हे मला आमच्या दादाने दाखवले, अर्थात त्याच्या नकळत. दादाला आपल्या सॅकचा फार अभिमान. सगळे कुटुंब गोव्याला निघाले होते तेव्हा त्याने ती दोन बोटांवर तोलून दाखवली आणि म्हणाला, “बघ, चार किलो. माणसाला लागतं किती?” वहिनी पलंगावर पसरलेल्या ढिगासमोर बसून मुलांच्या चड्ड्या गुंडाळत होती. मान वर न करता ती म्हणाली, “ताई, ह्यांची सॅक हलकी आहे, कारण ह्यांचा दाढीचा डबा माझ्या बॅगेत आहे.” दाढीचाच कशाला, तिच्या बॅगेत त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, चौघांचे चार्जर होते, सुई-दोरा, नेलकटर, तापाचे औषध, ओडोमॉस, मुलांच्या खेळण्यांची पिशवी, आणि सासूबाईंनी गोव्याच्या आत्यांसाठी दिलेला दिवाळीचा डबाही होता. बाईचे सामान जास्त असते या विषयावर जे विनोद चालतात, त्यातल्या बहुतेक विनोदांचा खरा नायक तो डबा आणि त्या गोळ्या असतात. एकटी जाते तेव्हा हीच वहिनी माझ्याइतक्याच लहान पिशवीत आठवडा काढते.

परतीचे सामान हे आणखी एक प्रकरण, पण ते फार लांबवत नाही. पूर्वी कोकणातून येणाऱ्या चाकरमान्याच्या बोचक्यात तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले, फणसपोळी आणि दोन नारळ असत, कारण ते इथे मिळत नव्हते किंवा तसे मिळत नव्हते. आता नौपाड्यात आणि गोखले रस्त्याच्या आसपास कोकणी मालाची दुकाने आहेत, आणि फणसपोळीसाठी खांदा मोडून घेण्याचे कारण उरलेले नाही. तरीही लोक आणतात, मीही थोडे आणते. ‘माझा प्रवास’ लिहिणारे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले, वाटेत लुटले गेले, आणि परत आले ते आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन. एका लिटरला एक किलो या दराने पाणी हे प्रवासात न्यायला सर्वांत वाईट ओझे आहे, आणि तो माणूस ते शेकडो मैल पायी घेऊन आला. अशा ओझ्याला काटा लावण्यात अर्थ नाही. फक्त असे ओझे प्रत्येक सहलीत दोन-तीन निघू लागले तर शंका घ्यावी.

दादाच्या घरी त्या गोव्याच्या सहलीनंतर वाटणी झाली. ज्याची वस्तू त्याच्या पाठीवर, मुलांच्या वस्तू मुलांच्या दप्तरात, आणि सर्वांच्या म्हणून ज्या असतील, म्हणजे चार्जर, औषधे, ओडोमॉस, त्या पाळीपाळीने. वहिनीने कागदावर यादी करून फ्रिजवर लावली. पहिली पाळी दादाची आली. तुळजापूरला जाताना त्याची सॅक साडेआठ किलो भरली, सोलापूरला उतरल्यावर स्थानकाबाहेरच्या पहिल्याच रिक्षावाल्याने सांगितलेल्या भावाला त्याने होकार दिला, आणि एसटी स्टँडकडे निम्म्या भावात न्यायला तयार असलेला दुसरा रिक्षावाला वहिनीने पन्नास पावले पुढे जाऊन शोधून ठेवला होता हे त्याला रिक्षात बसल्यावर कळले. पुढची पाळी मोठ्या मुलाची आहे, आणि यादीतल्या कोणत्या वस्तू खोडता येतील याबद्दल त्याचे आणि वहिनीचे सध्या बोलणे चालू आहे. ओडोमॉसवर अडले आहे.